राखीव गडीही संघातलाच

प्रश्न : शाळेच्या स्नेहमेळाव्यासाठी आमच्या कबड्डी संघाचे जुने छायाचित्र मिळाले. त्यात बारा जण आहेत. मी राखीव होतो आणि एकदाही मैदानात उतरलो नाही. संघात होतो असे म्हणणे योग्य ठरेल का? (एक वाचक, दापोली)

उत्तर : निःसंकोच म्हणावे. कबड्डीचा संघ बारा जणांचाच असतो. मैदानात सात उतरतात, पाच राखीव राहतात. खो-खोतही बारांपैकी नऊच खेळतात. शिवाय कोपरारक्षकाने घोटा नेमका केव्हा धरावा, हे सरावात ज्याच्या घोट्यावर शिकले जाते तो बहुधा राखीवच असतो. आपल्याकडच्या जांभ्याच्या मैदानावर तर पावसाळा सरताच खडे वेचणे, फक्कीने रेषा आखणे ही कामेही त्याच्याकडेच येत, आणि सोलवटलेल्या गुडघ्यावर रक्त कोणते व माती कोणती हे धुतल्याशिवाय कळत नसे. (प्रस्तुत उत्तरदाताही राखीवच होता, हे कबूल करतो.) छायाचित्राखाली बाराही नावे लिहावीत, ‘राखीव’ हा शब्द कंसात घालण्याची गरज नाही.