‘प्लॅनमध्ये सगळेच खोडी काढायलेत, ऐकायचं कुणाचं?’

बांधकामाचे दिवस सुरू झाले की समुपदेशक म्हणून माझ्याकडे एक प्रश्न हमखास येतो. शब्द थोडेफार वेगळे असतात, मजकूर तोच. ‘मॅडम, घराचा प्लॅन मी स्वतः डोकं लावून केला. ज्याला दाखवावा तो नाव ठेवतो. ऐकलं तर प्लॅन माझा राहत नाही, नाही ऐकलं आणि उद्या काही बिघडलं तर जन्मभर बोलणी. रात्रभर डोक्यात तेच फिरतं. काय करू?’

उत्तर म्हणून एका घराची हकिगत सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

सर लातूर जिल्ह्यातल्या एका शाळेत गणित शिकवतात. शहराच्या कडेला तीस बाय चाळीसचा प्लॉट, रस्ता पश्चिमेला. प्लॉटची रजिस्ट्री झाली त्याच आठवड्यात त्यांनी चौकटीची वही आणली आणि नकाशा काढायला बसले. एक चौकट म्हणजे एक फूट. कुणाच्या वास्तुशांतीला गेले तरी खिशात टेप, जेवणाआधी मापं. शेवटी मनासारखा जमला तेव्हा रंगीत पेन्सिलींनी रंगवला आणि फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. तिथून बिघडलं.

त्यांना घेऊन आल्या त्या त्यांच्या पत्नी. कारण सांगितलं झोपेचं. ‘हे दोन-दोन वाजेपर्यंत वही घेऊन बसतात. दाजींचा फोन उचलत नाहीत. आईंशी बोलायलेत ते बी तुटक.’ सरांचं म्हणणं वेगळं होतं. ‘मला काही झालेलं नाही. लोकांना झालंय. आयुष्यात एक भिंत बांधली नाही आणि माझ्या प्लॅनमध्ये खोडी काढायलेत.’

कोण काय म्हणालं हे त्यांना तोंडपाठ होतं, कुठल्या वारी म्हणालं ते सुद्धा. पुण्याचे दाजी: हॉल लहान आहे, आणि बंद किचन आता कोण करतं? शेजारच्या प्लॉटवाले काका: हौद कुठंय? परवानगीची फाइल करणारे इंजिनिअर: सर, तुमचा जिना वहीत बसतो, घरात नाही. चुलतभाऊ: संडासाची दिशा चुकली. आणि आई: मागं दार न्हाई.

या यादीत पत्नीचं नाव नव्हतं. मी विचारलं, तर सर म्हणाले, ‘तिला पसंत आहे.’ त्या शेजारी बसून पर्सची चेन उघडत होत्या, लावत होत्या.

अशा वेळी ‘टीका खुल्या मनानं स्वीकारा’ असं सांगून मोकळं होता येतं. मी तसं सांगत नाही. आपल्याकडे घर बांधणारा एक आणि सल्ला देणारे पन्नास असतात. सगळंच स्वीकारणारी माणसंही माझ्याकडे येतात. पाहुणा आला की प्लॅन बदलला, फुटिंगचे खड्डे घेतल्यावर पुन्हा बदलला, शेवटी मिस्त्रीच काम सोडून गेला, अशी. त्यांची झोपही तितकीच उडालेली असते.

सरांच्या बाबतीत आधी एक गाठ सोडवायची होती. दाजी म्हणतात ‘हॉल लहान आहे’, आणि इकडे सरांच्या छातीत धडधड होते. या दोहोंच्या मध्ये एखादं न बोललेलं वाक्य असतं. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती याच मधल्या वाक्यावर काम करते: घटना आपल्याला थेट त्रास देत नाही, घटनेबद्दल आपण मनाशी जे म्हणतो ते देतं. सरांचं वाक्य बाहेर यायला वेळ लागला. आलं ते असं: ‘गणिताच्या मास्तरला साधं माप जमलं नाही, असं लोक म्हणणार.’ म्हणजे हॉल बारा फुटांचा की चौदाचा, हा प्रश्न केव्हाच मागं पडला होता. दर टीकेला वर्गातल्या फळ्यासमोर उभं राहिल्यासारखं त्यांना वाटत होतं.

त्यांना मी एक प्रयोग सांगितला. नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली या संशोधकांनी तो 2012 मध्ये प्रसिद्ध केला. लोकांना कागदाच्या घड्या घालून बेडूक आणि बगळे करायला दिले. करणाऱ्यांनी आपल्या वेड्यावाकड्या बेडकांची किंमत जवळजवळ तज्ज्ञांच्या कामाइतकी लावली. बाहेरून बघणाऱ्यांच्या लेखी ते चुरगळलेले कागद होते. हाताने केलेली वस्तू करणाऱ्याला जास्त मोलाची वाटते, यात लबाडी नसते, खोटा अहंकारही नसतो. सर हसले आणि म्हणाले, ‘म्हणजे माझा बेडूकच झालाय म्हणा की.’ ते पहिल्यांदा हसले होते.

मग मी त्यांना एक काम दिलं. प्रत्येक टीकेपुढे एकच प्रश्न लिहायचा आणि तो टीका करणाऱ्यालाच विचारायचा: हे कुणाला, कुठल्या वेळी, काय करताना अडेल? उत्तर आलं की वहीत टिपायचं, तिथल्या तिथे वाद घालायचा नाही. ‘विचार करतो’ एवढंच म्हणायचं. ज्याच्याकडे या प्रश्नाला उत्तर नाही, त्याचं म्हणणं आवडनिवडीच्या पानावर जातं. ते ऐकून घ्यायचं, बांधायचं नाही.

इंजिनिअरांनी उत्तर आकड्यांत दिलं, म्हणून ते सगळ्यात जड गेलं. दोन्ही बाजूंनी तीन-तीन फूट सोडून रुंदीला चोवीस फूट उरत होते. सरांनी बारा अधिक बारा असं सरळ मांडलं होतं. पण वहीतल्या रेघेला जाडी नसते. बाहेरच्या दोन भिंती नऊ-नऊ इंचाच्या, मधली साडेचार इंचाची, मिळून साडेबावीस इंच, म्हणजे जवळपास दोन फूट गेले. प्लास्टर वेगळंच. खोल्या झाल्या अकरा-अकरा फुटांच्या. जिन्याचंही तसंच. त्यांनी कोपऱ्यात चार बाय सहाची जागा आखली होती आणि मावतील तेवढ्या आडव्या रेघा मारल्या होत्या. मजल्याची उंची साडेदहा फूट धरली तर सात इंचाची एक याप्रमाणे अठरा पायऱ्या चढाव्या लागतात. मध्ये वळण घेऊन नऊ-नऊ केल्या, नववी पायरी वळणावरच चढते म्हणून आठांना पाय ठेवायला दहा-दहा इंच धरले, तर एका बाजूचीच लांबी सहा फूट आठ इंच होते, त्यात वळणाचे तीन फूट, आणि रुंदी सहा फुटांच्या वर. सरांनी हे गणित माझ्यासमोर पुन्हा केलं. दोनदा केलं. मग वही मिटून म्हणाले, ‘हे मी सातवीच्या पोरांना शिकवतो.’

मी काही बोलले नाही. पत्नीच म्हणाल्या, ‘पोरांचं चुकल्यावर तुम्ही काय करता?’ ‘खोडून पुन्हा करायला लावतो.’ ‘मग?’

शेजारच्या काकांचा हौदाचा प्रश्न सरांना टोमणा वाटला होता. काकांना विचारल्यावर कळलं की त्यांच्या स्वतःच्या घराला हौद नव्हता. लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात काकांच्या घरी पाणी साठवायला गच्चीवरची एक टाकी आणि ड्रम. टँकर मिळाला तरी पाणी ओतायला जागा नाही. म्हणून ते दिसेल त्या नव्या प्लॉटवाल्याला हौद विचारतात. सरांनी हौद पुढच्या मोकळ्या जागेत घेतला, टँकरचा पाइप रस्त्यावरून पोचेल असा. या एका बदलाला त्यांनी पाच मिनिटंही घेतली नाहीत.

आईंचं मात्र अडून बसलं होतं. त्या गावाकडच्या, सरांना वाटायचं यांना परसदार हवंय, भांडी घासायला, शेजारणीशी बोलायला. शहरात मागचं दार म्हणजे चोराची सोय, आणि एक भिंत वाया जाते, हा सरांचा हिशोब. डोळे दाखवायला आल्या होत्या तेव्हा सर त्यांना माझ्याकडे घेऊन आले. वही पुढे केली तर आजींनी हात मागं घेतले. ‘मला काय कळतंय बाई त्या चौकड्यातलं.’

माझ्या खोलीतली फरशी दोन बाय दोनची आहे. आम्ही त्यांची मागची खोली फरशीवरच मांडली. लांबीला पाच फरशा, रुंदीला तेवढ्याच, दोन खुर्च्या जोडून खाट, टेबल म्हणजे खिडकीची भिंत. आजी त्या खाटेवर बसल्या. विचारलं, ‘दार कुठं हाय?’ सरांनी दाखवलं. ‘आन् भाईर?’ सर चालत गेले: खोलीच्या दारातून बोळ, बोळातून हॉल, हॉलमधून पुढचं दार. माझ्या खोलीत जागा संपली म्हणून ते बाहेरच्या बाकापर्यंत गेले. आजी खुर्चीत वळून बघत राहिल्या. ‘एवढं लांब? रातच्याला?’

मग म्हणाल्या, ‘आमच्या बी घराला एकच दार होतं.’

गाव किल्लारीच्या पट्ट्यातलं. 30 सप्टेंबर 1993, पहाटेचे चार वाजायला काही मिनिटं कमी, गणपती बोळवून लोक नुकतेच निजलेले. दगड-मातीच्या रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. सुमारे आठ हजार माणसं गेली ती बहुतेक अशाच घरांखाली. सर त्या वर्षी शिकायला मामाकडे होते. आई वाचली एवढं त्यांना माहीत होतं, कशी वाचली ते कुणी बोललं नव्हतं. ‘दगडं दारातच पडले. हाका मारल्या. वरून माळवद उकरलं आन् काढलं मला.’ एवढं सांगून आजींनी पदर सारखा केला आणि चहा कधी येतोय ते विचारलं.

मागचं दार असलं म्हणजे घर भूकंपाला टिकेल, असं नाही, हे मी सरांना सांगितलं. ते काम कॉलम-बीमचं आणि इंजिनिअरांचं. त्यांच्याकडूनच सरांना कळलं की 1993 च्या आधी किल्लारीचा भाग देशाच्या भूकंप-नकाशात सगळ्यात कमी धोक्याच्या झोनमध्ये होता आणि 2002 च्या सुधारणेत तो तिसऱ्या झोनमध्ये घेतला गेला. दार घेतलं ते आजींना त्या खोलीत झोप लागावी म्हणून. लोखंडी जाळीचं, आतून कडी, आजींचा हात पोचेल त्या उंचीवर.

दाजींचा मामला नाजूक. घरचा जावई, उलटून बोललं तर बहिणीला ऐकावं लागतं, म्हणून सर फोनच टाळत होते. प्रश्न विचारल्यावर दाजी गडबडले, मग म्हणाले, ‘महालक्ष्म्यांना आम्ही सगळे येतो. महालक्ष्म्या कुठं बसवणार आणि पंगत कुठं मांडणार?’ हे खरं होतं. हॉल आणि जेवणाची जागा यांच्यातली भिंत काढली, बाकी काही न वाढवता पंगतीची सोय झाली. ओपन किचनचं उत्तर मात्र ‘आता सगळे तसंच करतात’ एवढंच आलं. ज्या घरात रोज मिरच्या भाजून ठेचा होतो, तिथे ते कशाला? सरांनी माझ्याकडे नकाराचा सराव केला, कारण त्यांचा नकार दर वेळी भाषणावर जायचा. जमलेलं वाक्य असं: ‘दाजी, हॉलचं तुमचं ऐकलं, चांगलं झालं. किचन आम्हाला बंदच पाहिजे.’ पुढे कारण द्यायचं नाही. कारण दिलं की त्याला तोड येते.

चुलतभावाच्या वास्तूबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दिशेनं नशीब बदलतं असं मी मानत नाही. पण पैसा आणि सोय दोन्ही न बिघडता बदल होत असेल आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरं वाटत असेल, तर त्यावर भांडण काढण्यात अर्थ नाही. इथे संडास हलवला तर पाइप सगळ्या घराखालून न्यावा लागत होता. हलवला नाही.

उरल्या पत्नी. इतके दिवस त्या काहीच बोलल्या नव्हत्या, आणि सर ती पसंती समजत होते. आखणीच्या दिवशी प्लॉटवर फक्की मारून खोल्या काढल्या तेव्हा त्या ओट्याच्या जागी उभ्या राहिल्या. दुपारचे चार, मार्चचं ऊन, तोंड पश्चिमेला. ‘मे महिन्यात मी हितं उभं राहून भाकरी करायची, तुम्ही बसून खायच्या,’ त्या म्हणाल्या. हे त्यांना वहीतही दिसलं होतं. आधी का नाही बोललात, असं मी विचारलं तर म्हणाल्या, ‘सगळेच बोलायलेत, म्या बी बोलले असते तर ह्यांनी वही जाळली असती.’ माझ्या मते ही टीका सगळ्यांत आधी ऐकायची होती, कारण त्या खोलीत सर्वांत जास्त तास त्याच काढणार. स्वयंपाकघर पूर्वेला गेलं, सरांची अभ्यासाची खोली पश्चिमेला आली. कुरकुर झाली, पण आली.

झोपेबद्दल एक सांगायला हवं. सरांची झोप प्लॅन मार्गी लागल्यावर परत आली. दोन-तीन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, कशातच मन लागत नाही, असं असेल तर घराचा विषय बाजूला ठेवून डॉक्टरांना दाखवा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

सरांचं काम सध्या प्लिंथपर्यंत आलंय. नवीन तक्रार बाहेरच्या रंगाची आहे. दाजी रोज घरांचे फोटो पाठवतात, आणि बहिणीचं म्हणणं की भावानं किचनचं ऐकलं नाही, निदान रंगाचं तरी ऐकावं. पुढच्या भेटीत सर बहिणीलाही घेऊन येणार आहेत.