शब्दाचं नाव कसं होतं?

चि. ईशान,
अनेक आशीर्वाद.

देवगडच्या काकांच्या बाळाचं नाव ‘प्रेरणा’ ठेवायचं ठरलं, तेव्हा तू विचारलंस, “हा तर शब्द आहे, नाव कसं?”

आशा, श्रद्धा, साधना, कल्पना हेही रोजचे शब्दच. पूर्वी घरोघरी देवांची, नद्यांची नावं जास्त. मग गुणांची, भावनांची आली आणि रुळली. आपण ‘ती प्रेरणा’ म्हणतो म्हणून हे मुलीचं; ‘तो विवेक’, ‘तो संकल्प’ म्हणून ती मुलांची.

संस्कृतात ‘ईर्’ म्हणजे हलणं, हलवणं. त्याला ‘प्र’ म्हणजे ‘पुढे’ जोडला की ‘प्रेरणा’, पुढे नेणारं बळ. वाऱ्याला ‘समीर’ म्हणतात, तोही याच धातूचा. कोकणात पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. शिडाच्या होड्या त्यावर बाहेर पडायच्या आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर परतायच्या. शिडात भरलेला तो वारा म्हणजे प्रेरणा. किनाऱ्यावरच्या मुलीला याहून शोभणारं नाव मला तरी सुचत नाही.

बारसं बहुधा बाराव्या दिवशी. बायका ‘गोविंद घ्या, गोपाळ घ्या’ म्हणत बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींकडे देतात. मग आत्या कानात ‘कुर्रर्र’ करून नाव सांगते, आणि बाकीच्या तिच्या पाठीत धपाटे घालतात. नंतर घुगऱ्या वाटतात. पत्रिका बघणारे जन्मनक्षत्राचं अक्षर काढतात: २७ नक्षत्रं, प्रत्येकाचे ४ चरण, म्हणून १०८ अक्षरं. ‘पे’ हे चित्रा नक्षत्राच्या पहिल्या चरणाचं. अक्षर जुळलं नाही तरी अडत नाही. नक्षत्रनाव वेगळं ठेवतात, हाक मारायचं वेगळं.

घोळ होतो तो कागदावर. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची, आणि तीही जन्म जिथे झाला तिथे. बाळ शहरातल्या दवाखान्यात जन्मलं तर दाखला तिथली नगरपरिषद देते, गावची ग्रामपंचायत नाही. नाव ठरलं नसेल तर रकाना रिकामा ठेवता येतो. १२ महिन्यांत ते विनाशुल्क भरून मिळतं. शिवाय बोलताना आपण ‘प्रेर्णा’ म्हणतो, मधला ‘अ’ गिळतो. त्यामुळे इंग्रजी स्पेलिंग दोन तऱ्हेने लिहिलं जातं. दाखल्यावर एक, आधारवर दुसरं झालं की पासपोर्टच्या वेळी दुरुस्त्या करत बसावं लागतं. काकांना आजच सांगते, एकच ठरवा.

रविवारी फोनवर तिला हाक मारशील तेव्हा ‘ना’ नको म्हणू. जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लाव: णा.

तुझी,
आई