पत्रकारितेच्या पहिल्या वर्षात काय शिकावे?

प्रश्न : मी सांगोला तालुक्यातील एका गावची असून पुण्यात पत्रकारितेच्या पदवीच्या पहिल्या वर्षाला आहे. मला बातमीदार व्हायचे आहे. परंतु वर्गात संज्ञापनाचे (म्हणजे कम्युनिकेशनचे) सिद्धान्तच जास्त शिकवले जातात आणि प्रत्यक्ष बातमीचे काम फारसे होत नाही. वर्तमानपत्रांचे दिवस संपले, तेव्हा पुढच्या वर्षी हे सोडून स्पर्धा परीक्षेचा क्लास लाव, असे वडील म्हणतात. माझे इंग्रजी कच्चे आहे. वर्गातील काही जणांनी यूट्यूब वाहिन्या सुरू केल्या आहेत, तशी मीही करावी का? गावच्या पाणीप्रश्नावर लिहिलेली एक बातमी सोबत जोडली आहे.

उत्तर : अनेक आशीर्वाद. अभ्यासक्रम सोडू नकोस. मात्र तो पूर्ण झाल्यावर आपण बातमीदार होऊ, या समजुतीवर तीन वर्षे घालवूही नकोस. एखादी गोष्ट खरी आहे की नाही, हे स्वतः शोधून काढून ती पुराव्यासह मांडता येणे हे या व्यवसायाचे मूळ कौशल्य आहे, आणि त्याचा सराव पहिल्याच वर्षी, आपल्या गावाच्या एखाद्या विषयावर सुरू करता येतो. तुझ्या प्रश्नांपेक्षा तू पाठवलेली बातमी मी अधिक लक्षपूर्वक वाचली, कारण बहुतेक उत्तरे तिच्यातच आहेत.

बातमीचे पहिले वाक्य असे आहे : ‘सूर्य आग ओकत असताना माउलींच्या डोक्यावरील हंडा काही उतरत नाही.’ भाषा तुझ्या हाताशी आहे, हे यातून दिसते. परंतु हे वाक्य कोणत्याही दुष्काळी गावाला आणि कोणत्याही उन्हाळ्याला लागू पडेल. तुझ्या गावाविषयी त्यातून काहीच कळत नाही. पुढे तू लिहितेस की टाकी बांधून झाली, घरोघरी नळ बसले, तरी पाणी नाही आणि प्रशासन ढिम्म आहे. येथे मी थांबलो. प्रशासन म्हणजे नेमके कोण? ग्रामपंचायत, जिल्हा परिषदेचा ग्रामीण पाणीपुरवठा विभाग, की महाराष्ट्र जीवन प्राधिकरण? ठेकेदाराचे देयक अडले आहे, पंपाला वीजजोडणी मिळालेली नाही, की ज्या विहिरीवर योजना आखली तिलाच उन्हाळ्यात पाणी राहत नाही? यातील प्रत्येक कारणासाठी जबाबदार व्यक्ती वेगळी आहे. ती कोण हे बातमीदाराने शोधले नाही, तर ‘ढिम्म’ म्हटल्याने कोणालाही उत्तर द्यावे लागत नाही.

योजना कोणती, हेही तू लिहिलेले नाहीस. नळजोडण्यांच्या वर्णनावरून ती जलजीवन मिशनमधील असावी असे वाटते, पण ते तूच तपासून घे. हे मिशन १५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झाले. प्रत्येक ग्रामीण घराला नळाने दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे त्याचे उद्दिष्ट २०२४ पर्यंत गाठायचे होते आणि पुढे ही मुदत २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. हा ५५ लिटरचा मापदंड हाती आला की तुझ्या बातमीला मोजपट्टी मिळते. आता ग्रामसभेचे इतिवृत्त, योजनेचे अंदाजपत्रक, ठेकेदाराला दिलेला कार्यारंभ आदेश आणि झालेल्या कामाची नोंद असलेली मोजमाप पुस्तिका ही चार कागदपत्रे पाहा. त्यानंतर सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक), उपअभियंता आणि ठेकेदार यांच्याशी स्वतंत्रपणे बोल, आणि त्यांचे म्हणणे गैरसोयीचे असले तरी बातमीत दे. समजा, या शोधात तसे आढळलेच, तर बातमीची सुरुवात अशी होऊ शकेल : ‘पाणीयोजनेचे काम पूर्ण झाल्याची नोंद मोजमाप पुस्तिकेत असली, तरी पंपासाठी वीजजोडणीच घेतलेली नसल्याने गावातील नळांना अद्याप एकदाही पाणी आलेले नाही.’ या वाक्यात एकही भडक विशेषण नाही, तरीही संबंधितांना ते टाळता येणार नाही.

कागदपत्रे सहज मिळणार नाहीत, आणि त्यासाठीच माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ आहे. अर्ज करण्यासाठी पत्रकाराचे ओळखपत्र लागत नाही, नागरिक असणे पुरेसे आहे. शुल्क १० रुपये आहे. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांच्या आत असावा लागतो. जन माहिती अधिकाऱ्याने ३० दिवसांत उत्तर द्यायचे असते. ते न आल्यास किंवा अपुरे आल्यास पुढील ३० दिवसांत पहिले अपील करता येते. ‘योजनेची संपूर्ण माहिती द्यावी’ असे मोघम लिहू नकोस. कोणत्या कागदपत्राची, कोणत्या कालावधीतील प्रत हवी, ते नेमके लिही. असा एक अर्ज शेवटापर्यंत लावून धरलेला विद्यार्थी शासनव्यवस्थेविषयी जे शिकतो, ते टिपणांच्या वह्या पाठ करून शिकता येत नाही, असे माझे ठाम मत आहे.

म्हणून वर्गातील अभ्यासाकडे दुर्लक्ष करावे, असे मात्र नाही. संज्ञापनाचे सिद्धान्त तुला आज कोरडे वाटत असतील, तर परीक्षेपुरते नीट करावेत. परंतु राज्यघटना, माध्यमविषयक कायदे, स्थानिक स्वराज्य संस्था आणि अर्थसंकल्प हे विषय मन लावून शिकायचे आहेत. जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकातील तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांतील फरक ज्याला वाचता येतो, तो बातमीसाठी प्रेसनोटची वाट पाहत बसत नाही.

इंग्रजीची भीती काही प्रमाणात रास्त आहे. राज्य शासनाचे बहुतेक शासन निर्णय मराठीत असतात; मात्र उच्च न्यायालयाचे निकाल, केंद्रीय मंत्रालयांचे दस्तऐवज आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल वाचण्यासाठी इंग्रजी लागतेच. ती फाडफाड बोलता आली नाही तरी चालेल, पण अचूक समजली पाहिजे. रोज एखादे पान वाचून त्याचा सारांश मराठीत लिहीत जा. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी छापला जात असे. मराठी पत्रकारितेला दोन भाषांची ही सोबत तेव्हापासूनच आहे. मराठीही गृहीत धरू नकोस. ‘मान्यवरांच्या शुभहस्ते मोठ्या उत्साहात संपन्न झाला’ हे प्रेसनोटचे मराठी आतापासूनच टाळ, आणि युनिकोडमध्ये न पाहता टंकलेखन करायला शीक.

यूट्यूब वाहिनी इतक्यात सुरू करू नये, असा माझा सल्ला आहे. ते माध्यम कमी दर्जाचे आहे, असे मी मानत नाही. गावपातळीवरचे काही चांगले काम आज तेथेच होते. अडचण अशी की वर्तमानपत्रात तुझी कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, छपाईपूर्वी उपसंपादकाच्या नजरेखालून जाते, तर स्वतःच्या वाहिनीवर ती थेट लोकांसमोर जाते. लैंगिक अत्याचाराच्या घटनेत पीडितेची ओळख उघड करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे आणि बालकांच्या बाबतीत पॉक्सो कायद्याचे निर्बंध आहेत. गावाचे नाव आणि वडिलांचा व्यवसाय एवढे सांगितले तरी लहान गावात ओळख उघड होते. आपली चूक दुसऱ्याने दाखवून देण्याची सवय आधी लागू दे. त्यासाठी महाविद्यालयाच्या प्रायोगिक अंकात बातमी देण्याबरोबरच इतरांच्या कॉपी तपासण्याचे कामही मागून घे.

आता वडिलांच्या काळजीविषयी. ती अनाठायी नाही, आणि तिच्यावर गोड शब्दांचे पांघरूण मी घालणार नाही. सुरुवातीचे वेतन बहुधा तुटपुंजे असते. तालुक्याच्या ठिकाणी अनेक वार्ताहर अल्प मानधनावर आणि जाहिरातींच्या कमिशनवर काम करतात. ज्याच्याविषयी निर्भीडपणे लिहायचे, त्याच्याकडेच वाढदिवसाची जाहिरात मागण्याची वेळ त्यांच्यावर येते, याचे मला फार वाईट वाटते. त्यामुळे काम स्वीकारताना नेमणूकपत्र, वेतन आणि जाहिरातींची अपेक्षा यांविषयी स्पष्ट विचार. पैसे भरून ओळखपत्र देणाऱ्यांच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. अनुवाद आणि मुद्रितशोधन (प्रूफरीडिंग) ही कामे शिकून ठेवलीस, तर अडचणीच्या काळात त्यांचा आधार होईल.

वडिलांना माझा निरोप असा सांग. ही पदवी घेतल्याने स्पर्धा परीक्षेचा मार्ग बंद होत नाही, कारण राज्यसेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची मान्यताप्राप्त पदवी चालते. शासनाच्या माहिती व जनसंपर्क विभागातील काही पदांना तर पत्रकारितेचे शिक्षण उपयोगी पडते. त्यांची पात्रता त्या त्या जाहिरातीत पाहावी. पुढे शिकायचे झाल्यास पुणे विद्यापीठाचा पत्रकारिता विभाग असलेले रानडे इन्स्टिट्यूट आहे, तसेच भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम आहे. म्हणून यंदा शिक्षण मोडू नये. दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुटीत तिला सोलापुरातील एखाद्या दैनिकाच्या कार्यालयात उमेदवारी (इंटर्नशिप) करू द्यावी. रात्री पाने लागेपर्यंत, म्हणजे अंकाची मांडणी पूर्ण होईपर्यंत, थांबावे लागले तर परतीची सोय काय, हे कार्यालयाशी आधीच बोलून घ्यावे. सुटी संपल्यावर तिने केलेल्या बातम्यांची कात्रणे आणि माहिती अधिकारातून मिळवलेली कागदपत्रे समोर ठेवून, क्लासची फी भरायची की नाही, हे तुम्ही दोघांनी ठरवावे.