इनुइट बायका चेहऱ्यावर गोंदून का घेत? फक्त शोभेसाठी का?

शोभेसाठी तर होतंच, पण तुमच्या प्रश्नातला 'फक्त' मला खटकला.

माझ्या आजीच्या हनुवटीवर गोंदण होतं, सुया टोचून केलेलं. इनुइट, म्हणजे कॅनडा, अलास्का, ग्रीनलँड इथल्या बर्फाळ प्रदेशातले मूळ रहिवासी, तेही सुई टोचून गोंदत, पण त्यांची खास रीत वेगळीच, कातडी शिवायची! कॅरिबूच्या (उत्तर अमेरिकेतल्या रेनडिअरच्या) पाठीतल्या चिवट कंडरेपासून काढलेला धागा सुईत ओवायचा, सीलच्या तेलावर जळणाऱ्या दिव्याच्या (कुल्लिक) काजळीत भिजवायचा आणि कातडीखालून ओढून घ्यायचा. धागा बाहेर येई, काजळी आत राही. चेहऱ्यावरच्या गोंदणाला तुन्नीत म्हणतात, अंगावरच्याला काकिनीत. गोंदणाऱ्या बहुतेक बायकाच, शिवणकामात हात बसलेल्या.

इथेच मला खरं उत्तर दिसतं. त्या थंडीत अंगरख्याची एक शिवण उसवली तरी शिकाऱ्याच्या जिवावर बेतायचं, म्हणजे घर जगायचं ते बाईच्या सुईवर. मुलगी वयात आली, शिवण शिकली, वेदना सोसू शकते, हे चेहऱ्यावरच्या रेघा सांगत. बोटांवरचं गोंदण समुद्रदेवी नुलिआयुकशी जोडलेलं. तिच्या तुटलेल्या बोटांतूनच सील जन्मले, अशी कथा आहे. मांड्यांवरही गोंदत, बाळ जगात येताना त्याला पहिल्यांदा काहीतरी सुंदर दिसावं म्हणून. हे वाचलं तेव्हा मी बराच वेळ पुढे वाचू शकले नाही.

इनुइटांच्या नेत्सिलिक नावाच्या गटात असा समज होता की दुखतं म्हणून गोंदण टाळणाऱ्या बाईला मेल्यावर अशा जागी जावं लागतं, जिथे सगळे मान खाली घालून बसतात आणि समोरून उडणारी फुलपाखरं धरून खातात.

प्रथा किती जुनी? ग्रीनलँडमध्ये किलाकित्सोक इथे 1972 साली सहा बायका आणि दोन मुलांचे देह सापडले, साधारण 1475 च्या सुमाराचे, थंडीने सुकून टिकलेले. अवरक्त किरणांनी फोटो काढले तेव्हा सहापैकी पाच जणींच्या चेहऱ्यांवर गोंदणाच्या रेघा दिसल्या.

पुढे मिशनऱ्यांनी हे पाप ठरवलं. नातींनी विचारलं तरी आज्या गप्प बसू लागल्या. याचा मला फार राग येतो. पण 2016 मध्ये कॅनडातल्या कुगलुक्तुक गावात हॉवाक जॉन्स्टन या इनुइट गोंदणकार बाईंनी इनुइट बायकांना पुन्हा त्याच रेघा गोंदून दिल्या, सुईने टोचून आणि काही जणींना धाग्याने शिवूनही.