एक्सेलमधला उघडा राहिलेला कॉलम

"माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला माझ्यापेक्षा जास्त पगार आहे. विचारायला गेले तर हावरट ठरेन का?" हा प्रश्न घेऊन वर्षाला चार-पाच इंजिनिअर मुली तरी माझ्याकडे येतात. त्यातल्या एकीची ही गोष्ट, तिला विचारून, नाव आणि खाणाखुणा बदलून.

मेधा 34 वर्षांची. पुण्यात गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर लिहिते, क्लायंट जर्मनीतला. अप्रेझलच्या दिवसांत टीमचं रेटिंग भरायला तिला एक एक्सेल शीट आली आणि त्यातला पगाराचा कॉलम लपवायचा कुणीतरी विसरलं होतं. तिचे 14 लाख 20 हजार, त्या मुलाचे 18 लाख 60. लॅपटॉप मिटून ती वॉशरूममध्ये गेली, तोंड धुतलं आणि परत येऊन त्याच मुलाचा कोड तपासून दिला. "त्यात दोन चुका होत्या, मॅडम," हे तिनं मला दोनदा सांगितलं.

नवरा म्हणाला, "आपलं भागतंय ना? कशाला वाकड्यात शिरायचं?" माणूस वाईट नाही. पण हेच वाक्य त्याच्या पगाराबद्दल घरात कुणी बोललं असतं का, असं मी विचारलं तेव्हा ती पहिल्यांदा हसली.

पुढे मात्र मी चुकले. ठामपणे बोलायचं कसं, याचा सराव मी तिच्याकडून तीन आठवडे करून घेतला. ती बोललीही छान. उत्तर आलं, 'बजेट नाही.' त्या संध्याकाळी ती आली ती 'मीच कमी पडते' हे पक्कं करून. म्हणजे तिच्या शंकेला मीच खतपाणी घातलं होतं.

मग आम्ही कागद घेतला. 2013, कॅम्पसमधून 3 लाख 25 हजार. पुढे दरवर्षी टक्के. बाळंतपणाच्या रजेच्या वर्षी टीममधल्या बाकीच्यांना 12 टक्के मिळाले, हिला 4. त्यानंतर सगळ्यांइतकेच टक्के मिळत गेले, तरी ती मागे पडलेली दरी बुजत नाही. रुपयांत ती दरवर्षी रुंदच होते. तो मुलगा दोन कंपन्या बदलून आलेला, दर वेळी 'करंट सीटीसी'वर, म्हणजे तेव्हाच्या वार्षिक पगारावर, 30-35 टक्के वाढ घेऊन. मेधा रजेच्या वर्षीच्या त्या 4 वर पेन टेकवून बराच वेळ बसली. "म्हणजे ते चार टक्के अजून चालूच आहेत," ती म्हणाली.

मी तिला आणखी एक गोष्ट सांगितली. फेब्रुवारी 2023 मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं एका बाईच्या बाजूनं निकाल दिला. पुरुष सहकाऱ्यानं घासाघीस करून जास्त पगार मिळवला, हे मालकाचं कारण कोर्टानं मानलं नाही. मेधाला तो निकाल लागू नाही, ती पुण्यात आहे. पण आपल्याकडेही 1976 पासून समान वेतनाचा कायदा होता. आता त्याची जागा वेतन संहितेनं घेतली आहे आणि एकाच मालकाकडे समान स्वरूपाच्या कामाला स्त्री-पुरुष म्हणून वेगळा पगार नको, हे तिच्यात स्पष्ट आहे. कोर्टात जायचा तिचा विचार नव्हता, माझाही आग्रह नव्हता. मागणं ही भीक नाही, एवढं तिला कळायला हवं होतं.

दुसऱ्या खेपेला तिनं मेल लिहिला. त्या मुलाचं नाव नाही, चुकून दिसलेला आकडा नाही. स्वतःचे तीन रिलीज, पद, आणि एकच प्रश्न: माझ्या पे बँडमध्ये, म्हणजे या पदाला ठरलेल्या किमान-कमाल पगारात, मी नेमकी कुठे आहे? दोन महिन्यांनी अप्रेझल नसताना तिचा पगार 2 लाख 10 हजारांनी वाढला. बरोबरी झाली नाही. ती आता बाहेर शोधते आहे.

परवा तिचा फोन आला होता. रिक्रूटरनं तिला नेहमीचा प्रश्न विचारला, करंट सीटीसी किती? युरोपीय संघानं 2023 च्या निर्देशात उमेदवाराला असला प्रश्न विचारायला मनाई केली आहे. आपल्याकडे तो पहिल्या दोन मिनिटांतच येतो. मेधा म्हणाली, "मी अपेक्षित पगार सांगते, चालेल?" पलीकडे थोडा वेळ शांतता होती म्हणे. मग त्यानं आकडा लिहून घेतला.