फेलोशिप: जाहिरात येण्याआधीचं काम

मागच्या अंकात पीएच.डी. करणाऱ्या मुलांच्या खोलीभाड्याविषयी मी दोन परिच्छेद लिहिले, आणि या महिन्यात आलेली जवळजवळ सगळी पत्रं फेलोशिपबद्दलची, म्हणजे संशोधन करताना दरमहा मिळणाऱ्या पैशांबद्दलची, निघाली. एकतीस वर्षं पुण्यात शिकवलं, त्यातली निम्मी संशोधन करणाऱ्या मुलामुलींबरोबर गेली. त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. चार पत्रं निवडली आहेत. नावं छापलेली नाहीत.

पहिलं पत्र: मॅडम, मी परभणी जिल्ह्यातला. पुण्यात इतिहासात एम.ए. केलं, गेल्या वर्षी पीएच.डी.ची नोंदणी झाली. वय २९, प्रवर्ग ओबीसी. नेट ही पात्रता परीक्षा पास झालो, पण तिच्यात वरचे गुण मिळाले तर मिळणारी केंद्राची फेलोशिप, जेआरएफ, थोडक्यात हुकली. धनकवडीत तिघं मिळून खोली घेतली आहे. वडील सोयाबीन विकून पैसे पाठवतात, आता मागायला लाज वाटते. मित्र म्हणतात, पुढच्या वर्षी तीस पूर्ण झाली की जेआरएफचा विषय संपला. मग मी कुठे अर्ज करू?

विषय संपत नाही, मित्रांना अर्धवट माहिती आहे. जेआरएफला तीस वर्षांची मर्यादा खुल्या प्रवर्गातल्या पुरुषांना आहे. ओबीसी (नॉन-क्रीमीलेयर, म्हणजे त्यातली सधन कुटुंबं वगळून), अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, तृतीयपंथी आणि सगळ्या प्रवर्गांतल्या महिला यांना पाच वर्षांची सवलत मिळते. वय परीक्षेच्या महिन्याच्या एक तारखेला मोजतात आणि नेट वर्षातून दोनदा असते, जूनची आणि डिसेंबरची. तुझ्याकडे अजून बऱ्याच संधी आहेत.

पण तुझ्या पत्रात एक गोष्ट नाही, आणि मला काळजी तिची वाटते. तुझ्याकडचा नॉन-क्रीमीलेयरचा दाखला कोणत्या नमुन्यातला आहे? कॉलेजच्या प्रवेशासाठी काढलेला दाखला राज्याच्या नमुन्यातला असतो. नेटसारख्या केंद्राच्या परीक्षेला केंद्राच्या नमुन्यातला लागतो आणि तुझी जात केंद्राच्या ओबीसी यादीत असावी लागते. राज्याच्या यादीत असलेली प्रत्येक जात तिथे असतेच असं नाही. दोन्ही दाखले दिसायला सारखेच वाटतात म्हणून मुलं एकच फाइलला लावून निर्धास्त राहतात, आणि निकाल लागल्यावर कागदपत्रांच्या पडताळणीत रडकुंडीला येतात. दाखल्याला मुदतही असते. या दिवाळीत गावी जाशील तेव्हा तहसीलचं काम आधी कर, फराळ नंतर.

आता अर्ज कुठे करायचा ते. ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी नागपूरची महाज्योती ही राज्य सरकारची संस्था पीएच.डी.ला फेलोशिप देते. इतर वाचकांसाठीही सांगून ठेवते: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, आदिवासी विद्यार्थ्यांसाठी आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था. या तिन्ही पुण्यातच आहेत, तरी पुण्यात राहणारी मुलं तिथली माहिती तिसऱ्याच माणसाकडून घेतात. रिक्षाचे पैसे खर्च करून एकदा प्रत्यक्ष जा, सूचना फलक स्वतः वाचा. राज्याच्या योजनांना जात वैधता प्रमाणपत्र बहुतेक वेळा मागतात, ते नसेल तर आजच त्याच्या मागे लाग. तुझा विषय इतिहास आहे, तेव्हा दिल्लीच्या भारतीय इतिहास अनुसंधान परिषदेची कनिष्ठ संशोधन फेलोशिपही तुझ्यासाठी आहे. एका वेळी दोन फेलोशिप घेता येत नाहीत, पण अर्ज दोन्हीकडे करता येतात.

एक कोरा कागद घे आणि त्यावर चार तारखा लिही: जन्मतारीख, पीएच.डी. नोंदणीपत्रावरची तारीख, दाखल्याची मुदत संपण्याची तारीख आणि प्रगती अहवाल सादर करण्याची पुढची तारीख. जाहिरात वाचताना हा कागद शेजारी ठेव. रकमेकडे नंतर बघ. कितीतरी योजनांचा कालावधी नोंदणीच्या तारखेपासून मोजला जातो, मिळाल्याच्या तारखेपासून नाही. त्यामुळे 'पुढच्या वर्षी बघू' म्हणण्याची किंमत बारा महिन्यांच्या पैशांत मोजावी लागते.

लाजेबद्दल दोन शब्द. वडिलांकडे मागताना तुला काय वाटतं ते मला कळतं. पण फेलोशिप मागताना मान खाली घालू नकोस. जेआरएफचे दरमहा ३७,००० आणि तिसऱ्या वर्षापासून ४२,००० रुपये हे दर १ जानेवारी २०२३ पासून लागू आहेत. तो संशोधनाच्या कामाचा मोबदला आहे. पुण्याला तर हे नवीनही नाही. पेशव्यांच्या रमण्यात (पर्वतीजवळच्या आवारात) विद्वान ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेच्या निधीतूनच १८२१ साली विश्रामबागवाड्यात हिंदू कॉलेज सुरू झालं, ज्याचं पुढे डेक्कन कॉलेज झालं. शिकणाऱ्याच्या पोटाची सोय समाजाने करायची, हे या गावाला दोनशे वर्षांपूर्वीही ठाऊक होतं.

दुसरं पत्र: मी चिंचवडची गृहिणी. माझी एकुलती एक मुलगी मायक्रोबायॉलॉजीत पीएच.डी. करते, वय ३३. खुला प्रवर्ग. तिने नेट दिलेली नाही. नातेवाईक म्हणतात, खुल्या प्रवर्गाला काही मिळत नाही. सध्या ती एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते.

ताई, 'एकुलती एक' हे शब्द तुम्ही सहज लिहिलेत, आणि उत्तर त्यातच आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची 'सावित्रीबाई जोतिराव फुले एकल कन्या फेलोशिप' नेमकी अशाच मुलींसाठी आहे. आईवडिलांना ती एकटीच मुलगी, भाऊ नाही, बहीण नाही. जुळ्या मुली असतील तरी चालतं. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा चाळीस, राखीव प्रवर्गांना पंचेचाळीस. नेटची अट नाही आणि रक्कम जेआरएफइतकीच. मुलगी एकटीच असल्याचं प्रतिज्ञापत्र शंभर रुपयांच्या मुद्रांकावर लागतं आणि ते तहसीलदाराच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याकडून साक्षांकित केलेलं चालत नाही. हे काम दोन दिवसांत होत नसतं, म्हणून जाहिरातीची वाट न बघता नमुना काढून ठेवा.

अडचण तासिकांची आहे. ही फेलोशिप पूर्णवेळ संशोधनासाठी आहे, सोबत दुसरीकडचं मानधन चालत नाही. मुलीची नोंदणी पूर्णवेळ आहे की अर्धवेळ, ते आज संध्याकाळी तिला विचारा. तासिका सोडायची वेळ आली तर ती घाबरेल, कारण कॉलेजशी असलेला धागा तुटेल असं वाटतं. अशा वेळी तिच्या पाठीशी तुम्ही उभ्या राहा.

तिसरं पत्र: फेलोशिपसाठी पाठवलेला माझा संशोधन प्रस्ताव दोनदा नाकारला गेला. विषय समाजशास्त्र. आम्ही हडपसरला राहतो, आई धुणीभांडी करते. माझं इंग्रजी कच्चं आहे, त्यामुळेच मागे पडते असं वाटतं. प्रस्ताव सोबत जोडला आहे.

तुझा प्रस्ताव मी तीन वेळा वाचला. इंग्रजीमुळे तो नाकारला गेला असं मला वाटत नाही.

शीर्षक आहे, 'असंघटित क्षेत्रातील स्त्री कामगारांच्या समस्या व उपाय: एक चिकित्सक अभ्यास'. पहिल्या पानावर जागतिकीकरण, दुसऱ्यावर असंघटित क्षेत्राच्या व्याख्या, तिसऱ्यावर स्त्रीचं भारतीय समाजातलं स्थान. मी स्वतः निवड समित्यांवर बसले आहे. दुपारी तीननंतर चाळिसावा प्रस्ताव हातात येतो तेव्हा पहिलं पान वाचून परीक्षक ठरवतो की पुढचं नीट वाचायचं की चाळायचं. तुझं पहिलं पान कोणीही लिहिलेलं असू शकतं. तू कुठे आहेस त्यात?

तू आहेस चौथ्या पानावर, मधल्या परिच्छेदात. तिथे एक वाक्य आहे: 'काही कामगारांना दोन कामांच्या दरम्यान थांबण्यासाठी जागा उपलब्ध नसते.' हे वाक्य वाचून मी चष्मा काढून ठेवला. हे तू पुस्तकात वाचलेलं नाहीस. हे आईने घरी येऊन सांगितलेलं आहे. पहिलं काम साडेआठला संपतं, दुसऱ्या घरचे दहाशिवाय दार उघडत नाहीत, मधला दीड तास ती बाई सोसायटीच्या आवारात, जिन्याखाली, पार्किंगमध्ये काढते. त्या दीड तासाचे पैसे नाहीत आणि तो वेळ तिचाही नाही. संशोधनाचा प्रश्न हा आहे, आणि तू तो 'काही कामगारांना' या दोन शब्दांखाली पुरून टाकलास.

आता असं कर. शीर्षक बदल: 'दोन कामांमधला वेळ: हडपसर परिसरातील घरकामगार स्त्रियांच्या दिवसाचा अभ्यास.' पहिल्याच ओळीत तो दीड तास येऊ दे. मग प्रश्न विचार. असा बिनपगारी वेळ दिवसात किती असतो, तो कुठे जातो, कामांच्या वेळा कोण ठरवतं, सोसायटीच्या नियमांचा त्यात काय हात असतो. सगळा महाराष्ट्र घेऊ नकोस. चाळीस बायका पुरेत, जुन्या चाळीवजा इमारतींत काम करणाऱ्या वीस आणि फाटकावर नोंद करून आत सोडणाऱ्या मोठ्या संकुलांतल्या वीस. प्रत्येकीची आठवडाभराची वेळनोंद. नोंद त्यांनी लिहायची नाही, रोज संध्याकाळी तू जाऊन विचारून लिहायची. हे तू करू शकतेस, बाहेरून आलेला संशोधक करू शकणार नाही, आणि प्रस्तावात हे स्पष्ट लिहायला संकोच नको.

कायद्याचा भाग तू दोन पानं लिहिला आहेस, तो दहा ओळींत बसव. महाराष्ट्रात घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा. घरकामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १८९ क्रमांकाचा करार २०११ मध्ये झाला, भारताने त्याला अजून अनुसमर्थन, म्हणजे अधिकृत मान्यता, दिलेलं नाही. दोन्हींकडे बोट दाखव आणि विचार की यांत या मधल्या वेळाचं काय होतं. झालं.

खर्चाच्या रकान्यात 'प्रवास: २०,०००' असं गोल लिहू नकोस. किती फेऱ्या, कुठून कुठे, पीएमपी बसच्या पासाला किती, मुलाखती उतरवून घ्यायला किती दिवस, असं मांड. असे आकडे दिसले की हिने कामाचा विचार केलेला आहे हे परीक्षकाला न सांगता कळतं. 'उपाय' हा शब्द शीर्षकातून काढच. अभ्यासाआधी उपाय माहीत असेल तर अभ्यास कशाला?

आणि इंग्रजी. प्रस्ताव आधी मराठीत लिही आणि आईला मोठ्याने वाचून दाखव. ती 'असं नसतं गं' म्हणून जिथे अडवेल तिथे दुरुस्ती कर. मग इंग्रजीत आण, छोटी छोटी वाक्यं ठेव आणि इंग्रजी बरं असलेल्या मैत्रिणीकडून एकदा तपासून घे. भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेची पीएच.डी.साठीची फेलोशिप तुझ्या विषयाला लागू आहे. जाहिरात येईल तेव्हा हा मसुदा तुझ्याकडे तयार असायला हवा. पुढचा मसुदा मला पाठव, मी वाचेन.

चौथं पत्र: परदेशातल्या फेलोशिपसाठी दोन शिफारसपत्रं लागतात. सरांना कधी आणि कसं सांगावं? ते 'तूच लिहून आण' म्हणतात.

तीन आठवडे आधी सांग. आणि 'तूच लिहून आण' यावर हो म्हणू नकोस. त्याऐवजी एक पानाचं टिपण घेऊन जा: सर, तुमच्या या पेपरला मी हे काम केलं, चर्चासत्रात हा निबंध वाचला, तुम्ही त्यावर हा आक्षेप घेतला होता, मी तो असा सोडवला. ही योजना अमुक गुण बघते, शेवटची तारीख ही. हे समोर असलं की सरांनाही लिहायला काहीतरी मिळतं. 'विद्यार्थी होतकरू व मनमिळाऊ आहे' या वाक्याने कोणालाच कधी काही मिळालेलं नाही.

१९९१ साली मी नारायण पेठेत खोली घेऊन राहत होते. एका फेलोशिपचा अर्ज महिनाभर खपून तयार केला. माझ्या गुरूंनी पत्रही वेळेवर लिहिलं. ते पत्र एका कार्यालयाच्या टपालाच्या खणात अकरा दिवस पडून राहिलं आणि मुदत गेली. कारण मी 'सरांनी दिलंय ना' म्हणून पुन्हा विचारायला गेलेच नाही, विचारणं उद्धटपणाचं वाटलं. पुढची तीन वर्षं संध्याकाळच्या शिकवण्या करून प्रबंध पूर्ण केला. प्रबंध झाला, पण त्या तीन वर्षांत मला जी जुनी दप्तरं, म्हणजे जुन्या कागदपत्रांचे गठ्ठे, वाचायची होती ती राहून गेली, आणि त्याचं वाईट मला आजही वाटतं. म्हणून सांगते, मुदतीच्या आठ दिवस आधी नम्रपणे विचार, 'सर, पत्र पोचलं का?' आता पत्रं ऑनलाइन जातात, पण विसरणारी माणसं तीच आहेत.

अमेरिकेत काही महिने जाऊन काम करायचं असेल तर फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप सहा ते नऊ महिन्यांची असते आणि त्याआधी किमान वर्षभर भारतात पीएच.डी.ची नोंदणी झालेली लागते. पूर्ण पदवीसाठी जायचं असेल तर जे. एन. टाटा एन्डॉवमेंटचा विचार कर. जमशेटजींनी ते १८९२ मध्ये सुरू केलं, आणि पहिल्या निवडीत आपल्या कोल्हापूरच्या डॉक्टर कृष्णाबाई केळवकर होत्या. मात्र ती कर्जाऊ शिष्यवृत्ती आहे, पैसे परत करायचे असतात. घरी सांगताना हे आधी सांग.

ता. क. काही पत्रांत 'पैसे भरले की फेलोशिप मिळवून देतो' म्हणणाऱ्यांचा उल्लेख आहे. एक रुपयाही देऊ नका. आणि परभणीच्या मुला, केंद्राच्या नमुन्यातला दाखला हातात पडला की दोन ओळी लिहून कळव.