तीन मिलिमीटरने चुकलेली प्लेट आणि जळालेला मदरबोर्ड

प्रश्न: मोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावात मी लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो. टिनाच्या खोलीत उन्हाळ्यात पीसी तापून बंद पडायचा, म्हणून मार्चमध्ये एका ऑनलाइन मार्केटप्लेसवरून ७,८०० रुपयांचा लिक्विड कूलर (पंपाने द्रव फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारा) मागवला. माझ्या मदरबोर्डवर प्रोसेसर ज्या सॉकेटात बसतो ते एलजीए १७०० आहे, आणि त्या पानावर 'एलजीए १७०० ला चालतो' असं स्पष्ट लिहिलं होतं. लग्नसराईच्या गडबडीत खोकं नवव्या दिवशी उघडलं, तर मागची प्लेट बोर्डाच्या छिद्रांवर बसेना. विक्रेता म्हणाला, सात दिवस उलटले, माल परत होणार नाही. ओळखीचा मेकॅनिक म्हणाला, "बसते न भाऊ, थोडी कानस मारा लागते." त्याने ५०० रुपये घेऊन छिद्रं लांबवली आणि कूलरचा ब्लॉक (प्रोसेसरवर दाबून बसणारा भाग) बसवून दिला. तीन आठवड्यांनी प्लेट सरकून बोर्डाच्या मागच्या सोल्डरला टेकली आणि १८,५०० रुपयांचा मदरबोर्ड जळाला. सर्व्हिस सेंटरने 'फिजिकल डॅमेज' असं लिहून वॉरंटी नाकारली. बुडालेल्या ऑर्डरींचे २ लाख धरून केस कोणावर करू, विक्रेत्यावर की मेकॅनिकवर? आणि त्यासाठी विक्रेत्याच्या गावी, बंगळुरूला जावं लागेल का?

उत्तर: भाऊ, आधी एक काम करा. तो ब्लॉक, कानस मारलेली प्लेट, स्क्रू, स्प्रिंग, जळालेला बोर्ड, खोकं आणि त्यातलं माहितीपत्रक यातलं काहीही फेकू नका, दुरुस्तीला देऊ नका, दुसऱ्या पीसीवर बसवून पाहू नका. सोयाबीन उगवलं नाही की आपल्याकडचा जाणता शेतकरी रिकामी पिशवी, टॅग आणि बिल जपून ठेवतो. तुमच्या प्रकरणात ती प्लेट म्हणजेच पिशवी आणि टॅग.

तुमची बाजू कुठे भक्कम आहे ते सांगतो. इंटेलने २०२१ मध्ये १२व्या पिढीच्या प्रोसेसरसोबत एलजीए १७०० सॉकेट आणलं. त्याआधीच्या ११५५, ११५१, १२०० या सॉकेटांभोवती कूलरची चार छिद्रं ७५ मिलिमीटर बाजूच्या चौकोनात असत, १७०० वर ती ७८ मिलिमीटरवर गेली. शिवाय नव्या सॉकेटात प्रोसेसरचा माथा थोडा खाली बसतो. त्यामुळे जुने स्टँडऑफ (ब्लॉक धरणारे खांबासारखे स्क्रू) ओढूनताणून बसवले तरी ब्लॉकचा तांब्याचा तळ पुरेसा दाबला जात नाही. हा बदल कूलर विकणाऱ्यांना चांगला ठाऊक आहे. नॉक्टुआसारख्या कंपनीने आपल्या जुन्या ग्राहकांना १७०० ची माउंटिंग किट मोफत दिली. आणि तुम्हाला मात्र १७०० चं नाव सांगून ७५ ची प्लेट पाठवली गेली.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(१०) मध्ये 'दोष' या शब्दाची व्याख्या आहे. माल मोडका किंवा गळका असेल तरच तो सदोष, असं तिथे म्हटलेलं नाही. विक्रेत्याने मालाविषयी कुठल्याही रीतीने केलेल्या दाव्यात माल कमी पडला, तरी तो दोषच. म्हणून पंप उत्तम चालतो, तांबं अस्सल आहे, या बचावाला इथे अर्थ नाही. दावा एलजीए १७०० चा होता आणि माल त्यावर बसत नाही, एवढं सिद्ध करा.

हे सिद्ध करायला प्रयोगशाळाही लागू नये. चाचणीशिवाय ठरवता येत नाही अशाच दोषासाठी ग्राहक आयोग माल तपासणीला पाठवतो. दोन छिद्रांमधलं अंतर व्हर्नियर कॅलिपरने मोजता येतं. जवळच्या आयटीआयमधल्या फिटर ट्रेडच्या निदेशकांना विनंती करा. प्लेट आणि बोर्ड दोन्ही मोजून घ्या, कॅलिपरचा आकडा दिसेल असे फोटो काढा आणि त्यांचं प्रतिज्ञापत्र घ्या. कानशीने लांबवलेल्या छिद्राची मूळ कड शाबूत असेल तर मोजमाप तिथूनच करा. कड उरली नसेल तर कानस मारण्याआधी विक्रेत्याला पाठवलेले फोटो कामी येतील. विक्रेता म्हणेल की काही बोर्डांवर ७५ आणि ७८ दोन्हींची छिद्रं असतात. तसे बोर्ड निघाले होते, हे खरं आहे. म्हणून तुमच्या बोर्डाच्या मॉडेलचा फोटो आधीच जोडा.

सात दिवसांच्या मुदतीचं खरं काय, तेही ऐका. बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलीच नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत न घेणं ही कलम २(४७) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत बिलावरच छापलेली असेल तर तुमचा नववा दिवस इथे अडतो. पण २०२० च्या ई-कॉमर्स नियमांतला नियम ६ वेगळा आहे: जाहिरातीत सांगितलेले गुण मालात नसतील तर मार्केटप्लेसवरचा विक्रेता तो परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही. नोटिशीत भर या नियमावर द्या.

आता मदरबोर्ड. इथे मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. उत्पादनामुळे दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान झालं तर 'उत्पादन दायित्वा'चा दावा होतो, आणि बोर्ड ही दुसरी मालमत्ताच आहे. पण उत्पादनात फेरफार झाला असेल तर कलम ८७ विक्रेत्याला या दायित्वातून सोडवतं, आणि कानस मारणं म्हणजे फेरफार. तरीही मागणी सोडू नका. चुकीची प्लेट आली, परत घेतली गेली नाही, म्हणून ही जुळवाजुळव करावी लागली, ही साखळी तारखांसह मांडा. माहितीपत्रकही नीट वाचा. त्यात १७०० साठी वेगळी प्लेट लागते असा शब्दही नसेल, तर अपुऱ्या सूचनांबद्दल कलम ८४ खाली उत्पादकालाही प्रतिवादी करता येतं. बोर्डाची पूर्ण रक्कम मिळेलच असं नाही. पण कानस मारल्याचं तक्रारीत तुम्ही स्वतःहून लिहा. ते लपवलं आणि उलटतपासात निघालं, तर ७,८०० चा पक्का दावाही संशयात जाईल.

२ लाखांचा आकडा काढून टाका, ही माझी कळकळीची विनंती आहे. उत्पादन दायित्वात धंद्याचं आर्थिक नुकसान धरलंच जात नाही. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. व्यापारासाठी माल घेणारा ग्राहक ठरत नाही, मात्र स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरणारा ठरतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात टाइपरायटर, रिक्षा, लेथ अशी उदाहरणं देऊन हे समजावलं आहे. मदतीला एकदोन माणसं असली तरी ग्राहकत्व जात नाही, असंही त्यात आहे. तुम्ही तर स्वतः एडिटिंगला बसता. मग एका हंगामात २ लाख बुडाले असं लिहून समोरच्या वकिलाला 'हा तर मोठा व्यापारी' म्हणण्याची संधी कशाला द्यायची? ज्या ऑर्डरींची आगाऊ रक्कम परत केल्याची नोंद तुमच्या फोनमध्ये आहे, तेवढ्याच मागा. सोबत मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च वेगळा मागा.

बंगळुरूला जायचं कारण नाही. कलम ३४ नुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार चालते, म्हणजे तुमची अमरावतीला. पानावरच्या अटींत कुठल्याही शहराच्या न्यायालयाचं नाव असलं तरी घाबरू नका, हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला जास्तीचा उपाय देतो. मालाची किंमत ५ लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. वकील सक्तीचा नाही. मुदत २ वर्षांची आहे, पण वाट पाहू नका, विक्रेते वस्तूचं पान बदलतात. आजच त्या पानाचे, ऑर्डरचे आणि चॅटचे स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसू द्या. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र लागेल. मार्केटप्लेसच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. त्याने ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निराकरण द्यायचं असतं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवरही नोंद करा. तरी दाद मिळाली नाही तर रजिस्टर पोस्टाने १५ दिवसांची नोटीस द्या आणि मग तक्रार दाखल करा, ऑनलाइनही करता येते.

राहिला मेकॅनिक. ५०० रुपये घेऊन काम केलं म्हणजे सेवा झाली, आणि त्याच्यावर तक्रार कायद्याने होऊ शकते. मी मात्र करणार नाही. त्याला प्रतिवादी केलं की तो आणि विक्रेता एकमेकांकडे बोट दाखवतील आणि तुमचा मुख्य मुद्दा मागे पडेल. खोक्यातली प्लेट बोर्डावर बसत नव्हती, हे तुमच्याशिवाय स्वतःच्या हातांनी अनुभवलेला तो एकमेव माणूस आहे. त्याला घरी बोलवा, काय घडलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या, कानशीसकट, आणि मोर्शीतच नोटरीपुढे त्याचं प्रतिज्ञापत्र करा. तो बिचकला तर त्याच्यावर तक्रार केलेली नाही हे आधी सांगा, आणि माहितीपत्रक व फोटो घेऊन दोघे मिळून माझ्याकडे या.